लाँचिंग झालं तरी फेरी बोट महिनोन्‌महिने धक्क्यालाच का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नव्या पॅसेंजर फेरीच्या लाँचिंगचा व्हिडिओ तुम्ही बघितला, नारळ फुटला, हार घातले, बोट झोकात पाण्यात गेली, आता त्याला आठ महिने झाले तरी ती धक्क्यालाच बांधलेली आहे आणि भावनगरकडच्या तुमच्या पाहुण्यांनी तर "बोटीत काहीतरी लोचा निघालाय" असं सांगूनही टाकलं. आणि शेवटी विचारलंय की सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात आई-बाबांना तिच्यातून न्यावं का.

मी बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. मेकॅनिकल करून जहाजबांधणीत शिरलो, आधी यार्डाच्या, म्हणजे बोट बांधणाऱ्या कारखान्याच्या बाजूने काम केलं आणि नंतर मालकाच्या बाजूने, म्हणजे बोट बनत असताना मालकाचा माणूस म्हणून तिथे उभं राहून चुका काढायच्या हा माझा धंदा. बडोद्यात हे सांगितलं की लोक हसतात, इथे समुद्र कुठाय म्हणून, पण ओखा बंदर एके काळी बडोदा संस्थानचंच होतं बरं का. असो.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. बोट तरंगायला लागणं ही एक, बोट पूर्ण होऊन मालकाच्या ताब्यात जाणं ही दुसरी, आणि त्या मार्गावर पॅसेंजर घेऊन धावायची परवानगी मिळणं ही तिसरी. लाँचिंगला फक्त पहिली होते. घराचा स्लॅब पडला की पेढे वाटतात पण त्या दिवशी कुणी सामान घेऊन राहायला जात नाही, तसंच आहे हे. त्यामुळे नुसते आठ महिने ऐकून मी लोचा आहे म्हणणार नाही आणि नाही असंही म्हणणार नाही, कारण लाँचिंगच्या दिवशी बोट किती टक्के पूर्ण होती यावर सगळं अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता ती किती पूर्ण होती हे व्हिडिओतून ओळखता येतं का? बऱ्यापैकी येतं. पण त्याआधी बोट बनते कशी ते थोडं सांगतो.

पहिली प्लेट कापतात त्याला स्टील कटिंग म्हणतात, त्याचाही समारंभ असतो, मग कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, ठेवतात, त्याचाही समारंभ. हल्ली बोट खालून वर अशी एकसंध बांधत नाहीत, तिचे मोठे मोठे ब्लॉक शेडमध्ये वेगळे बनवतात, तिथेच उलटे करून वेल्डिंग करतात कारण डोक्यावर वेल्डिंग करण्यापेक्षा खाली बघून केलेलं वेल्डिंग चांगलंही होतं आणि लवकरही, आणि मग क्रेनने उचलून एकमेकांना जोडतात. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे, १-३-८. जे काम शेडमध्ये १ तासात होतं ते ब्लॉक बाहेर उभा राहिल्यावर ३ तास घेतं आणि बोट पाण्यात गेल्यावर ८ तास. आकडे तंतोतंत धरू नका पण दिशा शंभर टक्के खरी आहे. पाण्यातल्या बोटीवर प्रत्येक पाइप, प्रत्येक केबलचं बंडल, प्रत्येक वेल्डर एका अरुंद जिन्यातून आत जातो, वर हॉट वर्कचं, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाचं, परमिट लागतं, आग विझवायला माणूस उभा करावा लागतो, आणि शेजारच्या खोलीत कुणी रंग लावत असेल तर वेल्डिंग बंद.

मग एवढं महाग पडतं तर अर्धवट बोट पाण्यात ढकलतात कशाला? दोन कारणं. एक म्हणजे जागा. स्लिपवे, म्हणजे बोट बांधून पाण्यात सोडायचा उतार, एकच असतो आणि मागे दुसऱ्या बोटीचे ब्लॉक तयार होऊन पडलेले असतात. दुसरं म्हणजे पैसा. जहाजाचे पैसे हप्त्यांनी मिळतात, करारावर सही, स्टील कटिंग, कील, लाँचिंग आणि डिलिव्हरी असे पाच टप्पे आणि प्रत्येकाला २० टक्के ही अगदी नेहमीची पद्धत आहे, कमीजास्त होतं करारानुसार. म्हणजे लाँचिंग केलं की यार्डाच्या खात्यात मोठी रक्कम पडते. यार्ड पैशाने अडकलेलं असलं की लाँचिंगची घाई होते, हे मी मालकाच्या बाजूने बसून अनेकदा बघितलंय आणि त्यावर भांडलोयही. आता मी करारातच लिहून घ्यायला सांगतो की लाँचिंगचा हप्ता नुसत्या तरंगण्यावर मिळणार नाही, मुख्य इंजिनं बसलेली, टाक्यांच्या टेस्ट झालेल्या आणि पाण्याखालचं सगळं काम सर्व्हेयरने, म्हणजे बोट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, पास केलेलं असलं तरच मिळेल.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण स्कॉटलंडमधलं. ग्लेन सॅनॉक्स नावाची १०२ मीटर लांबीची कार फेरी, ऑर्डर २०१५ ची, लाँचिंग नोव्हेंबर २०१७ मध्ये झालं, तेही तिथल्या फर्स्ट मिनिस्टरच्या, म्हणजे सरकारच्या प्रमुखाच्या हस्ते, आणि त्या दिवशी बोटीच्या काही खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या, काचा नव्हत्याच. डिलिव्हरी झाली नोव्हेंबर २०२४ ला आणि पॅसेंजर बसले जानेवारी २०२५ मध्ये. सात वर्षं! मधे यार्ड दिवाळखोरीत गेलं, सरकारने ताब्यात घेतलं, शेकडो केबल लांबीला कमी पडल्या म्हणून पुन्हा ओढाव्या लागल्या. यंत्रणाही डिझेल आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) दोन्हीवर चालणारी, म्हणजे मुळातच किचकट. पण माझ्या मते रोगाचं मूळ हे की डिझाइन पुरतं ठरायच्या आत स्टील कापायला घेतलं. असं केलं की पुढे पाइप जिथे जायला पाहिजे तिथे आधीच एक गर्डर येऊन बसलेला असतो, मग तोडा, जोडा, परत रंगवा.

म्हणून व्हिडिओ परत बघा आणि मला सांगा, वरचे मजले, चिमणी, ब्रिज, म्हणजे कॅप्टन उभा राहतो ती काचेची खोली, हे सगळं लाँचिंगच्या वेळी होतं का. खिडक्यांना काचा होत्या की प्लायवूड? पंखे, म्हणजे पाण्याखालचे प्रोपेलर, आणि सुकाणू बसलेलं होतं का? पंखे नसतील तर बोटीला नंतर परत ड्रायडॉकला, म्हणजे पाणी काढून कोरड्या करता येणाऱ्या गोदीत, जावं लागणार, म्हणजे आणखी वेळ. आणि लाँचिंगनंतर बोट पाण्यात किती वर तरंगत होती तेही बघा, खालचा लाल रंग खूप दिसत असेल तर आत अजून बरंच सामान जायचंय. तिरकी तरंगताना दिसली असेल तर त्याने घाबरू नका, अर्धवट बोट एका बाजूला थोडी झुकलेली असणं नेहमीचं आहे, कारण सामान सगळीकडे सारखं भरलेलं नसतं. पाहुण्यांचा लोचा बहुतेक हाच.

लाँचिंग कशी केली हेही व्हिडिओत दिसतं. छोट्या-मध्यम यार्डांत हल्ली रबराच्या लांबलचक एअरबॅगवर बोट ठेवतात, मागे विंचची वायर असते, ती सोडली की बोट बॅगांवरून लोळत पाण्यात जाते. सपाट तळाच्या बोटींना हे झकास, स्वस्तात काम होतं. मोठ्या यार्डात ड्रायडॉकमध्येच बांधतात आणि पाणी सोडून तरंगवतात, त्यात बघण्यासारखं काही नसतं पण माझ्यासारख्याला तेच आवडतं. आणि जुनी पद्धत म्हणजे उतरत्या स्लिपवेवरून मागची बाजू आधी पाण्यात सोडायची. लोकांना ती पाच मिनिटांची गंमत वाटते पण त्यामागे हिशोब मोठा असतो. बोट सरकत सरकत मागून पाण्यात शिरते, मागच्या भागाला पाणी उचलायला लागतं, आणि एका क्षणी मागची बाजू उचलली जाते तेव्हा उरलेलं सगळं वजन पुढच्या टोकाखालच्या क्रेडलवर, म्हणजे बोटीला धरून ठेवणाऱ्या लाकडी आधारावर, येतं. तिथे लाकूड चेपलं किंवा आतली फ्रेम वाकली तर संपलं. उलट भरती कमी असेल तर मागचा भाग स्लिपवेच्या टोकापुढे अधांतरी लटकतो आणि पाणी पुरेसं उचलत नाही, मग बोट टोकावर कलंडायचा धोका. म्हणून तारीख मुहूर्त बघून नाही, भरतीचं कोष्टक बघून ठरते. आपल्या खंभातच्या आखातात तर उधाणाच्या दिवशी भावनगरला भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो, अमावस्या-पौर्णिमेच्या पुढचे एक-दोन दिवसच मिळतात, ते हुकले की पंधरा दिवस थांबा. भटजींनी दिलेला मुहूर्त आणि भरती जुळली तर उत्तम, नाही जुळली तर पूजा आधी उरकून घेतात, बोट भरतीलाच जाते.

बरं, बोट पाण्यात गेली. आता तुम्हाला बाहेरून काहीच हालताना दिसत नाही तो काळ सुरू होतो आणि तुमचे आठ महिने बहुतेक इथे गेलेत. इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणण्याचं शेवटचं मोजमाप बोट तरंगत असतानाच करतात, कारण ठोकळ्यांवर उभी असताना तिचा आकार आणि पाण्यात असतानाचा आकार यात मिलिमीटरांचा का होईना फरक असतो, आणि तेही पहाटे किंवा रात्री, उन्हाने डेक तापून बोट किंचित वाकते म्हणून. मग केबल, स्विचबोर्ड, एसी, फायर डिटेक्शन, सीट, फ्लोअरिंग. फ्लोअरिंग ऐकायला किरकोळ वाटतं पण पॅसेंजर बोटीत आतलं प्रत्येक पॅनल, पडदा, सीटचं कापड आगीच्या टेस्टचं सर्टिफिकेट असलेलंच लागतं, आणि कुणीतरी पाच टक्के वाचवायला बाजारातलं दुसरं लावलं की सर्व्हेयर ते उखडायला लावतो.

आणि इथे येतो फेरीचा खास प्रश्न, वजन. मालवाहू जहाजात पाच-दहा टन इकडेतिकडे झाले तर कुणी विचारत नाही. फेरीचं तसं नाही, कारण जे काही जादा बसवायचं ते वरच बसतं. मालक म्हणतो वरच्या डेकवर कॅफे हवा, मग कॅफेला एसी हवा, एसीला अजून एक युनिट हवं. उदाहरणाला ८०० टनांची बोट धरा, तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा ६ मीटर वर फक्त ८ टन वाढले तर अख्ख्या बोटीचा गुरुत्वमध्य सुमारे ६ सेंटिमीटर वर जातो. ६ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही वाटतं ना? असे चार कॅफे झाले की बोट पास होत नाही. म्हणूनच वरचे मजले पुष्कळदा अॅल्युमिनियमचे करतात. अॅल्युमिनियम स्टीलला सरळ वेल्ड होत नाही, मधे दोन्ही धातू स्फोटाने एकमेकांवर दाबून बनवलेली पट्टी घालावी लागते, आणि ती पट्टी मागवायला उशीर झाला की काम अडलंच.

हे वजन शेवटी मोजतात ती इनक्लायनिंग टेस्ट, आणि मला कुणी विचारलं की बोटीचा खरा निकाल कुठल्या दिवशी लागतो तर मी लाँचिंग नाही, हा दिवस सांगेन. ना हार ना पत्रकार. वारा पडलेली पहाट निवडायची, दोर ढिले सोडायचे, नको ती माणसं उतरवायची, टाक्या एकतर पूर्ण रिकाम्या नाहीतर काठोकाठ भरलेल्या, कारण अर्धवट टाकीतलं पाणी एका बाजूला पळतं आणि मोजमाप बिघडवतं. मग डेकवर मोजून आणलेली वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवायची आणि बोट किती कलते ते बघायचं. बघायचं कशाने, तर लांब तारेला लावलेल्या लंबकाने, खाली बादलीत तेल असतं म्हणजे तो हेलकावत बसत नाही. डिजिटल साधनं आली तरी लंबक असतोच, निदान मी तरी हट्ट धरतो.

त्याच ८०० टनांच्या बोटीवर ४ टन वजन ८ मीटर सरकवलं आणि ४ मीटरचा लंबक साधारण १०.७ सेंटिमीटर सरकला तर हिशोबाने जीएम दीड मीटर येतो. लंबक १६ सेंटिमीटर सरकला तर तोच एक मीटर. जीएम म्हणजे सोप्या भाषेत, कललेल्या बोटीत परत सरळ व्हायची ताकद किती. आंतरराष्ट्रीय नियमात किमान ०.१५ मीटर आहे पण फेरीला त्यावर कुणी जगत नाही, कारण दुसरी अट जास्त कडक पडते. सगळे पॅसेंजर एका बाजूला गोळा झाले, एका चौरस मीटरमध्ये ४ माणसं, एकेक ७५ किलोचा, तरी बोट १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. डॉल्फिन दिसला की नेमकं हेच होतं! ५०० माणसं म्हणजे साडेसदतीस टन, आणि हे असं वजन आहे की जे मोबाइल हातात धरून स्वतःच्या पायाने धावतं. देशातल्या देशात चालणाऱ्या बोटींना नियम आणि खाती वेगळी लागू होतात, नदी-खाडीत असेल तर २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा येतो, पण विचार सगळीकडे हाच.

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही. त्यानंतर बडोद्यात बोट म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो आणि तो यायलाच पाहिजे. म्हणून "एवढा वेळ कशाला लावतात" असं कुणी म्हणालं की माझं उत्तर थोडं तिखट होतं. बोटीवर लिहिलेला माणसांचा आकडा नुसत्या सीटा मोजून येत नाही, त्यात या टेस्टचा हिशोबही असतो, आणि त्यावर एकही माणूस वाढवायचा अधिकार तिकीट फाडणाऱ्याला नसतो.

त्यानंतर ट्रायल. धक्क्याला बांधून आधी, मग समुद्रात. पूर्ण वेग, एकदम थांबवणं, गोल फिरवणं, नांगर टाकून उचलणं. सुकाणू पूर्ण वेगात एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत फिरलं पाहिजे. मुद्दाम सगळी लाइट घालवतात, इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांत लोड घेतला पाहिजे. ट्रायलमध्ये शंभर बारीकसारीक गोष्टी निघतात आणि त्यांची यादी होते, ती यादी निघणं हे चांगलं लक्षण आहे. कोरी यादी आली की मला संशय येतो.

आता तिसरी गोष्ट, परवानगी आणि मार्ग. इथे बोटीचा काही दोष नसतानाही ती उभी राहते. आपल्या जवळचंच बघा, खंभातच्या आखातातली घोघा-दहेजची पॅसेंजर सेवा ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली, गाड्या नेणारी बोट वर्षभराने आली, आणि पुढे दहेजच्या बाजूला गाळ साचून खोली पुरेना, तेव्हा सेवा थांबली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये घोघा-हजीरा सुरू झालं. बोट तीच आखातातली पण धक्का बदलावा लागला. कोचीच्या वॉटर मेट्रोची पहिली बोट २०२१ च्या शेवटी ताब्यात आली होती, लोक बसले एप्रिल २०२३ मध्ये. तेव्हा तुमची बोट धक्क्याला दिसते याचा अर्थ यार्डच झोपलंय असा लगेच काढू नका, कदाचित ती पूर्ण आहे आणि पाँटून (तरंगता धक्का), गाळ, बॅटरीवरची असेल तर चार्जिंग, किंवा कागद अडलेत. आणि मधे पावसाळा आला असेल तर तीन महिने तसेच गेले, त्या समुद्रात ट्रायल कोण काढणार. हे ओळखायची सोपी खूण सांगतो. बोट यार्डाच्याच धक्क्याला असेल आणि दिवसा वेल्डिंगच्या ठिणग्या दिसत असतील तर काम बाकी आहे. टर्मिनलजवळ येऊन उभी असेल, वरती माणसं तुरळक, अधूनमधून रिकामीच फेरी मारून येत असेल, तर ती कागदांची किंवा धक्क्याची वाट बघतेय.

राहिलं आई-बाबांचं. बुडायच्या भीतीने पहिला महिना टाळू नका, नुकतीच एवढ्या तपासण्यांतून गेलेली बोट त्या दृष्टीने सगळ्यात चांगल्या अवस्थेत असते. पण मी माझ्या आईला पहिल्या महिन्यात नेणार नाही, कारण त्या दिवसांत वेळापत्रक कोलमडतं, एसी बंद पडतो, रॅम्प अडकतो, एखादी फेरी आयत्या वेळी रद्द होते आणि मग म्हातारी माणसं टर्मिनलच्या पत्र्याखाली तीन तास. दोन-तीन महिने जाऊ द्या, मग न्या. त्याआधी स्वतः एकदा जाऊन या आणि काही गोष्टी बघा. गेटवर माणसं मोजून आत सोडतात का. क्षमतेचा बोर्ड दिसेल अशा ठिकाणी आहे का. लाइफ जॅकेट सीटखाली हाताला येतं की कुलूपबंद पेटीत आहे. सुटायच्या आधी ते कसं घालायचं हे कुणी दाखवतं का.

आणि गाड्या नेणारी बोट असेल तर गाडीचा रॅम्प आणि दरवाजा पूर्ण बंद झाल्यावरच बोट धक्का सोडते ना, हे नीट बघा. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झेब्रुग्ग बंदरातून हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ पुढचा दरवाजा उघडाच ठेवून निघाली, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, ते एका बाजूला पळालं आणि काही मिनिटांत बोट आडवी झाली, १९३ माणसं गेली. बोट चांगली होती, सर्टिफिकेटही होतं. गाडीतच बसून राहू देत असतील तर आई-बाबांना उतरवून वर न्या, कर्मचारी काही म्हणोत, आणि जिना चढवत नसेल तर लिफ्ट चालू आहे का ते तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारा.

बोटीचं नाव, अंदाजे लांबी आणि ती सध्या कुठल्या धक्क्याला आहे एवढं कळवलंत, आणि तो व्हिडिओ पाठवलात, तर लाँचिंगला ती किती तयार होती आणि अजून किती लागेल याचा बरा अंदाज सांगता येईल.